डिसेंबरचं ऑपरेशन, मार्चचा रिपोर्ट

हे प्रकरण पूर्व नागपुरातल्या एका जोडप्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नोकरी, वस्ती यांचे तपशील थोडे बदलले आहेत. तारखांमधलं अंतर मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण सगळं प्रकरण त्या अंतरावरच उभं आहे.

नवरा ३४ वर्षांचा, बुटीबोरीच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. तीन पाळ्यांचं काम, त्यामुळे घरी असतो तेव्हा बहुधा झोपलेला. बायको २९ वर्षांची, घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीनचा. दोन्ही बाळंतपणं सिझेरियन. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन उरकून घ्यायचं ठरलं होतं. पण बाळ कमी वजनाचं निघालं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं आणि ‘पोर वाचू दे, मग पाहू’ म्हणून ते राहून गेलं.

तीन वर्षांनी ती माझ्याकडे आली ती थकव्यासाठी. पाळीत अंगावरून जास्त जायचं, पाळीही दहा-पंधरा दिवस मागे-पुढे व्हायची. हिमोग्लोबिन ८.४. अशा बाईचं, दोन सिझेरियन झालेलं पोट पुन्हा उघडण्यापेक्षा नवऱ्याची नसबंदी कितीतरी सोपी, हे मी दोघांना बसवून सांगितलं. नवऱ्याने फार वाद घातला नाही. वाद घातला त्याच्या आईने. “माह्या पोराले कायले कापता? सुनेचं करा ना!” देशभरातलं चित्र काही वेगळं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के निघालं आणि पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के. म्हणजे हा माणूस तयार झाला हीच मुळात अपवादाची गोष्ट होती, आणि असा अपवाद करणाऱ्याला व्यवस्थेने नीट जपायला हवं होतं.

दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. पहिला आठवडा प्रचाराचा, दुसरा प्रत्यक्ष शस्त्रक्रियांचा. याचं ऑपरेशन ३ डिसेंबरला एका शिबिरात झालं. बिनटाक्याची पद्धत, जी चीनमध्ये डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये विकसित केली. जागा बधिर करायची, कातडीला चाकूने चीर न देता टोकदार चिमट्याने एक बारीक छिद्र पाडायचं, त्यातून एकेक शुक्रवाहिनी बाहेर घ्यायची, तिचा छोटा तुकडा काढून टोकं बांधायची, आणि दोन टोकं पुन्हा एकमेकांना भेटू नयेत म्हणून मधे भोवतालच्या पापुद्र्याचा पडदा आणायचा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. याला त्रास जवळजवळ झालाच नाही. दोन दिवस थोडी सूज, लंगोट, वेदनाशामक गोळ्या. आठव्या दिवशी तो कामावर होता.

कार्डावर तीन सूचना होत्या: आठवडाभर जड उचलू नये, तीन महिने निरोध वापरावा, तीन महिन्यांनी वीर्य तपासणी करून घ्यावी. संमतीपत्रावर त्याची सही होती. त्या छापील नमुन्यात एक वाक्य असतं. त्याचा आशय असा, की या शस्त्रक्रियेने लगेच वंध्यत्व येत नाही, तीन महिन्यांनी मी तपासणीला येईन, आणि आलो नाही तर पुढच्या परिणामांची जबाबदारी माझी. वाक्य बरोबर आहे. कायद्याच्या अंगाने गरजेचंही आहे. पण शिबिराच्या रांगेत, पोटात गोळा आलेला असताना, सही करणारा माणूस त्यातलं काय वाचतो?

त्याने ऐकलं ते एवढंच: ‘झालं, आता काळजी नाही.’

काळजी का असते ते इथे जरा थांबून सांगते, कारण पुढची सगळी भांडणं या एका गोष्टीच्या अज्ञानातून झाली. नसबंदीत रस्ता बंद होतो. पण बंद केलेल्या जागेच्या पुढे, म्हणजे शुक्रवाहिनीच्या वरच्या भागात, शुक्रजंतूंचा साठा आधीच जाऊन बसलेला असतो. तो संपेपर्यंत पुरुष गर्भधारणा घडवू शकतो. काहींचा साठा महिन्या-दीड महिन्यात संपतो, काहींना तीन महिने लागतात, क्वचित त्याहून जास्त. पूर्वी ‘वीस वेळा वीर्यपतन झालं की मोकळे’ असा एक हिशेब सांगत. तो भरवशाचा नाही. भरवसा फक्त सूक्ष्मदर्शकाचा. शिवाय वीर्याचं प्रमाण, रंग, दाटपणा यात नजरेला काहीही फरक पडत नाही, कारण वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो. बाकी सगळं वीर्यकोश आणि पुरःस्थ ग्रंथींमधून येतं आणि ते येतच राहतं. मग माणसाने समजायचं कशावरून? जखम भरली, दुखणं थांबलं, एवढंच त्याच्या हाती लागतं, आणि तो त्यालाच निकाल समजतो.

माझं एक निरीक्षण आहे, कुणाला पटो न पटो. जुन्या पद्धतीत टाके असायचे. सातव्या दिवशी टाके काढायला माणूस झक मारत परत यायचा, आणि त्या निमित्ताने त्याला पुन्हा चार गोष्टी सांगता यायच्या. बिनटाक्याच्या पद्धतीने रक्तस्राव कमी झाला, जंतुसंसर्ग कमी झाला, भीती कमी झाली, हे सगळं खरं. पण परत येण्याचं कारणही त्या टाक्यांबरोबरच गेलं. पद्धत जितकी सोपी झाली तितका पाठपुरावा अवघड झाला, आणि ही फट भरायला कुणी दुसरं काही आणलं नाही. स्त्रियांच्या पाठपुराव्याला निदान आशाताई आहेत. याच्याही घरी त्या दोनदा येऊन गेल्या. पण तो कामावर किंवा झोपलेला. “भाऊ बरे आहेत ना?” असं त्यांनी बायकोला विचारलं, बायको “हो” म्हणाली. ‘निरोध वापरता ना?’ हा प्रश्न सासूसमोर कोण विचारणार?

निरोध महिनाभर वापरले. शिबिरात मिळालेलं पाकीट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपलं. मेडिकलच्या दुकानात जाऊन मागायचे तर दुकानदार ओळखीचा. “ऑपरेशन झालेल्या माणसानं कायले मागावं, असं वाटलं,” हे त्याने मला नंतर सांगितलं. मार्चच्या सुरुवातीला, तीन महिने पूर्ण होताच, तो कार्ड घेऊन तपासणीला मात्र गेला होता. हे विशेष नमूद करते, कारण घरात नंतर ‘यानं काहीच केलं नाही’ असा सूर लागला. तो गेला. खिडकीतल्या मुलीने हातात डबी दिली आणि बोट दाखवलं ते सार्वजनिक संडासाकडे. बाहेर रांग. दाराला कडी नाही. तो डबी खिशात घालून परत आला. त्या दिवशी नमुना दिला असता तरी पुढचं टळलं नसतं, कारण गर्भ तोवर राहिला होता. पण निदान रिपोर्ट हातात असता.

बायकोची पाळी तशीही पुढे-मागे व्हायची, म्हणून फेब्रुवारी कोरडा गेला तरी तिने मनावर घेतलं नाही. मार्चमध्ये उलट्या सुरू झाल्या. घरी चाचणी केली, दोन रेघा आल्या. ती माझ्याकडे आली तेव्हा सोबत नवरा नव्हता, उमरेडहून आलेली तिची आई होती.

“मॅडम, मी कोठी जात नाही, येत नाही. मशीन अन् घर. मंग हे कसं झालं, तुम्हीच सांगा त्यायले.”

घरात काय झालं होतं ते तिच्या आईने सांगितलं. भासऱ्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “ऑपरेशन झालेल्याले पोर होत नसते.” सासू रडत होती. नवरा काही बोलला नव्हता. बोलला नाही यातच सगळं आलं, असं ती म्हणाली.

अशा वेळी डॉक्टर बहुधा पहिल्यांदा नवऱ्याची वीर्य तपासणी लिहून देतात. मी आधी सोनोग्राफी लिहिली आणि त्यामागे विचार होता. वीर्यात शुक्रजंतू सापडले तर प्रश्न मिटतो. पण नाही सापडले तर? तो कागद घरी गेल्यावर कसा वाचला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून गर्भ कधी राहिला हे आधी ठरायला हवं होतं. तिची पाळी अनियमित, तेव्हा पाळीच्या तारखेवर विसंबून चालणार नव्हतं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून जे वय निघतं ते सगळ्यांत विश्वासार्ह, चार-पाच दिवस इकडे-तिकडे. १४ मार्चच्या सोनोग्राफीत ही लांबी २६ मिलिमीटर भरली, म्हणजे ९ आठवडे ३ दिवस.

नवऱ्याला बोलावलं. भासरेही आले, आपणहून. टेबलावर कालनिर्णय उघडून ठेवलं आणि मागे मोजत गेलो. १४ मार्चपासून ६६ दिवस मागे गेलं की ७ जानेवारी. सोनोग्राफीचं वय शेवटच्या पाळीपासून धरायची रीत असल्याने प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे २१ जानेवारीच्या आसपास. ऑपरेशन ३ डिसेंबरचं. मधे सात आठवडे. निरोध बंद झाले जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तीन महिन्यांची मुदत संपणार होती ३ मार्चला. गर्भ राहिला तो त्या मुदतीच्या जवळजवळ मध्यावर, निरोध सुटल्यावर दोन आठवड्यांनी. शिल्लक साठ्यातून गर्भ राहण्याचं याहून सरळ उदाहरण सापडायचं नाही.

नवऱ्याने तारखा पुन्हा स्वतः मोजल्या. मग म्हणाला, “म्हंजे चूक माही.” मी म्हटलं, चुकीचं नंतर पाहू, आधी नमुना दे.

नमुन्यासाठी त्याला घरचीच मोकळीक दिली. दोन ते सात दिवस संबंध नको, स्वच्छ कोरड्या डबीत सगळं वीर्य यायला हवं, पहिला भाग सांडला तर नमुना बाद, निरोधात गोळा करायचं नाही कारण त्यातलं वंगण शुक्रजंतू मारतं, आणि शक्यतो तासाभरात, फार तर दोन तासांत, लॅबमध्ये पोचवायचं. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. घरापासून लॅब स्कूटरने वीस-पंचवीस मिनिटांवर. इतकं साधं होतं ते. शिबिराच्या दिवशीच डबी आणि ही चार वाक्यं हातात दिली असती, तपासणीची तारीख कार्डावर ‘तीन महिन्यांनी’ अशी न लिहिता ‘३ मार्च’ अशी लिहिली असती, तर कडी नसलेल्या संडासाचा प्रश्नच आला नसता.

१६ मार्चचा रिपोर्ट: शुक्रजंतू आढळले नाहीत.

आणि झालं ते अपेक्षेप्रमाणेच. दुसऱ्या दिवशी भासरे रिपोर्टची झेरॉक्स घेऊन एकटेच आले. रागात नव्हते, उलट मला समजावायला आल्यासारखे बोलत होते. रिपोर्टमध्ये शून्य आहे, मग पोर कुणाचं, एवढाच त्यांचा मुद्दा. मी त्यांना सांगितलं, हा रिपोर्ट १६ मार्चचा आहे. त्या दिवशी वीर्यात काय नव्हतं एवढंच तो सांगतो. २१ जानेवारीला काय होतं याची साक्ष हा कागद देऊ शकत नाही. साठा जानेवारीत होता, मार्चपर्यंत संपला, आणि नेमकं असंच व्हायला हवं म्हणून तर तीन महिने सांगतात. शून्य रिपोर्ट म्हणजे ऑपरेशन नीट झालं. बायकोवरचा आरोप त्यातून सिद्ध होत नाही.

त्यांनी डीएनएचं काढलं. पोटातल्या गर्भाचा नमुना सुईने घेऊन बाप ठरवणं हे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्यात प्रसूतिपूर्व तपासणीसाठी जी कारणं दिली आहेत त्यांत बसत नाही. तिथे गुणसूत्रांचे दोष, आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंग अशी कारणं आहेत, घरातला संशय नाही. ते मी स्पष्ट सांगितलं. शिवाय अशी तपासणी मागायची तर नवऱ्याने मागायची. तो तर कॅलेंडर मोजून मोकळा झाला होता. भासरे उठून गेले. पटलं की नाही, माहीत नाही.

आता प्रश्न उरला गर्भाचा. घरात मतं बदलली होती. सासू म्हणत होती, देवानं दिलं आहे तर राहू द्या. हा पलटा पाहून मला हसावं की रडावं कळेना. निर्णय मात्र तिचा होता आणि ती ठाम होती: तिसरं सिझेरियन नको, शरीरात रक्त नाही, मूल नको. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक साधन फसल्याने राहिलेला गर्भ हे मान्य कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. नवऱ्यानेही सही करायची तयारी दाखवली, ती घ्यायची गरज नव्हती. नऊ आठवडे उलटून गेले होते, म्हणून गोळ्यांचा मार्ग बाजूला ठेवला. तिच्या हिमोग्लोबिनकडे पाहता रक्तस्राव लांबवणंही परवडणारं नव्हतं. मान्यताप्राप्त केंद्रात निर्वात पद्धतीने गर्भपात झाला, ती संध्याकाळी घरी गेली. पुढे शिरेतून लोह दिलं.

मग नुकसानभरपाईची गोष्ट निघाली. त्याच्या कारखान्यातल्या कुणीतरी ‘साठ हजार मिळतात’ असं सांगितलं होतं. ऐकीव असलं तरी ते खोटं नव्हतं. शासनाच्या कुटुंबनियोजन नुकसानभरपाई योजनेत शस्त्रक्रिया अयशस्वी ठरली तर पूर्वी तीस हजार रुपये मिळत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या देविका बिस्वास निकालानंतर रकमा दुप्पट झाल्या. दावा घटनेपासून नव्वद दिवसांत करायचा असतो. पण या प्रकरणात शस्त्रक्रिया अयशस्वी नव्हती. रिपोर्ट शून्य, गर्भ तीन महिन्यांच्या आतला, आणि संमतीपत्रावर सही. दाव्याला आधार नाही हे मी आशा न दाखवता सांगितलं. डॉक्टरवर केस करण्याचाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. नसबंदी अयशस्वी होणं हा एवढ्यानेच निष्काळजीपणा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध शिवराम या खटल्यात म्हटलं आहे. इथे तर ती अयशस्वीही झाली नव्हती.

निष्काळजीपणा नव्हता म्हणजे सगळं ठीक होतं, असं मात्र मला म्हणता येत नाही. ज्याला ऑपरेशन करणाऱ्या यंत्रणेने नमुना द्यायला बंद दार दिलं नाही, त्याच्याकडून ‘जबाबदारी माझी’ असं लिहून घेणं मला खटकतं.

वैद्यकीय बाजू पूर्ण करते. एप्रिलच्या मध्यावर दुसरा नमुना घेतला, तोही शून्य. खरं तर नीट घेतलेला एक शून्य रिपोर्ट पुरेसा धरतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शिकेत तर आठ ते सोळा आठवड्यांच्या दरम्यानच्या एका ताज्या नमुन्यात शून्य, किंवा दर मिलिलिटरला एक लाखापर्यंत न हलणारे शुक्रजंतू असले तरी निरोध थांबवायला हरकत नाही असं म्हटलं आहे. सहा महिन्यांनंतरही हलणारे शुक्रजंतू दिसले तर मात्र शस्त्रक्रिया अयशस्वी समजायची. दुसरा नमुना मी घरच्यांसाठी घेतला. डाव्या बाजूला त्याला अधूनमधून ओढ लागल्यासारखं दुखायचं. तपासल्यावर बांधलेल्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ लागली, शुक्रजंतू झिरपून होते तशी, निरुपद्रवी. अशा दुखण्याचा बहुतेकांना काही आठवड्यांत विसर पडतो. शंभरातल्या एक-दोघांना मात्र ते रेंगाळतं आणि उपचार लागतात. हे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं, नंतर सांगितलं की बहाणा वाटतो. कमजोरीची तक्रार त्याने केलीच. त्याचं हिमोग्लोबिन १४ होतं. पुरुषी संप्रेरक वृषणांतून थेट रक्तात जातं, ते या नळीतून जातच नाही, हे चित्र काढून दाखवलं. त्यानंतर कमजोरीचा विषय त्याने काढला नाही. रात्रपाळीचा काढला.

एप्रिलअखेर नसबंदीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी मी दोघांसमोर, सासूलाही आत बोलावून, एक गोष्ट सांगितली आणि केसपेपरवर लिहूनही ठेवली: रिपोर्ट शून्य आल्यानंतरही सुमारे दोन हजारांत एका जोडप्यात पुढे कधीतरी गर्भ राहतो, कारण तुटलेली टोकं क्वचित आपोआप जुळतात. वर्षांनीसुद्धा. म्हणून पाळी चुकली तर आधी लघवीची चाचणी, मग याची वीर्य तपासणी, दोन आठवड्यांच्या आत माझ्याकडे. सासूने विचारलं, “हे अगुदर काऊन नाही सांगितलं?” सांगितलं होतं, पण तिला नव्हतं. घरातल्या संशयाचा निवाडा जिथे ती करते, तिथे तिला वगळून समुपदेशन केल्याचा उपयोग काय, हा तिचा प्रश्न रास्तच होता.

बायकोचं हिमोग्लोबिन ऑगस्टमध्ये ११ च्या वर गेलं. भासऱ्यांशी ती बोलत नाही. नवरा बोलतो.

ऑक्टोबरात आरोग्य कर्मचारी त्याच्याकडे आला होता. नोव्हेंबरच्या पंधरवड्यात समाधानी लाभार्थी म्हणून चार शब्द बोलशील का, असं विचारायला. तो तयार आहे. अट एवढीच घातली, की ऑपरेशन दुखत नाही हे मी सांगीन, पण पहिल्या तीन महिन्यांचंही सांगीन. कर्मचारी म्हणाला, साहेबांना विचारून कळवतो.